सकाळचा घास, संध्याकाळचा घास

"रिपोर्ट नॉर्मल आहे" हे ऐकलं की बहुतेकांना हायसं वाटतं. मला रडू फुटलं. आदल्याच रात्री पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला होता, अर्धं जेवण टाकून उठले होते. आणि सकाळी साडेनऊला एक्स-रेच्या पडद्यावर माझा घसा अगदी चोख काम करत होता. घरी हळूच विचारलं गेलं, "मग मनाचंच असेल का गं?" मनाचं नव्हतं. तपासणीतही चूक नव्हती. सकाळचा घसा खरा होता आणि रात्रीचाही खरा होता. हे कसं, ते शोधता शोधता शरीरातल्या एका यंत्रणेच्या मी अक्षरशः प्रेमात पडले. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. स्नायू वापरले की थकतात आणि विश्रांती दिली की पुन्हा कामाला लागतात, असा हा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार. 1672 मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी अशा एका स्त्रीची नोंद केली होती. घाईने किंवा फार वेळ बोललं की तिची वाचा बसायची आणि तास-दोन तासांनी परत यायची. पापण्या, जबडा, जीभ, टाळू, घसा या ठिकाणी हा थकवा लवकर जाणवतो. जेवण मध्यावर आलं की माझा जबडा लोंबायला लागतो आणि मी नकळत हनुवटीखाली हात धरते.

गिळणं म्हणजे घास खाली पडणं, अशी आपली ढोबळ समजूत असते. तसं असतं तर डोकं खाली-पाय वर करून कुणाला गिळता आलं नसतं, अंतराळवीर उपाशी राहिले असते. घास ढकलला जातो, आणि तो ढकलताना एक अवघड चौक ओलांडायचा असतो. हवेचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी.

हा चौक घास कसा ओलांडतो ते बघायची माझ्या वाट्याला आलेली पद्धत म्हणजे बेरियम पाजून चालू एक्स-रेखाली गिळायला लावणं. कल्पना जुनी आहे. रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले 1895 च्या अखेरीस. जेमतेम वर्षभरात, डिसेंबर 1896 मध्ये, हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन हा वैद्यकीचा विद्यार्थी प्राण्यांचं गिळणं क्ष-किरणांखाली बघू लागला होता. लांब मानेच्या हंसाला त्याने बिस्मथ घातलेलं खाणं भरवलं आणि ते मानेतून उतरताना पाहिलं. बिस्मथची जागा पुढे बेरियम सल्फेटने घेतली.

बेरियमचं नाव काढलं की "रेडिएशन अंगात राहतं का?" हा प्रश्न हमखास येतो. राहत नाही. हे बेरियम किरणोत्सर्गी नसतं. त्याच्या अणूत 56 इलेक्ट्रॉन असतात, हाडातल्या कॅल्शियमच्या अणूत 20. एवढ्या गर्दीमुळे ते क्ष-किरण अडवतं आणि पडद्यावर उठून दिसतं, इतकंच. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात हे खरं; पण सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते रक्तात न शिरता आतड्यातून तसंच बाहेर पडतं. किरणं असतात ती यंत्रातून येणारी आणि यंत्र बंद होताच संपणारी. तरी ती उगाच देऊ नयेत म्हणून प्रत्येक घोटापुरतंच यंत्र चालू करतात. सगळं मिळून पडद्यासमोरचे काही मिनिटांचेच क्षण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

खुर्चीत मी कडेने बसले. शिशाचा एप्रन घातलेल्या स्पीच थेरपिस्टनी चमच्याने पांढरं पाणी जिभेवर ठेवलं. खडूची भुकटी कालवावी तशी चव. "तोंडातच धरा. आता गिळा." मग पेल्यातून घोट, मग दाट पेस्ट, शेवटी पेस्ट लावलेला बिस्किटाचा तुकडा. नंतर त्यांनी चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत दाखवली, सेकंदाला 30 चौकटी. जीभ टाळूला टेकून मागे लाटेसारखी दाबत जाते. मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. जिभेखाली हायॉइड नावाचं नालेसारखं हाड आहे, जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंच्या झोळीत आहे. ते वर आणि पुढे सरकतं आणि अख्ख्या स्वरयंत्राला सोबत ओढतं. स्वरयंत्रावरची झडप उलटते, स्वरतंतू मिटतात. याच ओढीने मागचं अन्ननलिकेचं आवळलेलं तोंडही ताणून उघडलं जातं. तिथला स्नायू सैल पडतो खरा, पण नुसता सैल पडल्याने दार पुरेसं उघडत नाही. वरून ओढणारं कुणी लागतं. हे सारं सुमारे एका सेकंदात. त्या 30 चौकटी मी तीनदा बघितल्या. इतकी वर्षं दिवसातून शेकडो वेळा हे करत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं!

आता खरी गोष्ट. हायॉइडला ओढणाऱ्या स्नायूला "ओढ" हा निरोप पोचतो कसा?

चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते. तंतूतून आलेली विजेची लहर ती फट ओलांडू शकत नाही. म्हणून तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाची सूक्ष्म पाकिटं रचून ठेवलेली असतात, एकेका पाकिटात हजारो रेणू. लहर आली की टोकावरची दारं उघडून कॅल्शियम आत शिरतं आणि कॅल्शियमच्या धक्क्याने काही डझन पाकिटं फटीत फुटतात. अर्धं पाकीट कधी फुटत नाही. फुटलं तर अख्खं. हा ठोक हिशोब 1950 च्या दशकात बर्नार्ड कात्झ आणि सहकाऱ्यांनी उलगडला, कात्झ यांना 1970 चं नोबेल मिळालं. फटीच्या पलीकडे, स्नायूच्या घड्या पडलेल्या पृष्ठभागावर, रिसेप्टर म्हणजे निरोप झेलणारी दारं दाटीवाटीने बसलेली असतात. एकेका रिसेप्टरला ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू चिकटले की तो उघडतो आणि सोडियम आत येतं. असे पुरेसे रिसेप्टर एकदम उघडले, एक ठरावीक उंबरठा ओलांडला, तरच स्नायूचा धागा आकसतो. उंबरठ्याच्या जरा खाली राहिला तर तो धागा हलतच नाही. अर्धवट आकसणं हा प्रकार नाही. आणि फटीतच एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ते उरलेलं ॲसिटिलकोलीन क्षणात तोडून पुढच्या निरोपासाठी जागा साफ करतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्नायू लागोपाठ वापरला की दर लहरीमागे फुटणाऱ्या पाकिटांची संख्या कमी होत जाते. पुढच्या रांगेतली पाकिटं संपतात, मागची पुढे यायला वेळ लागतो. हे निरोगी माणसातही घडतं, आत्ता हे वाचताना तुमच्या डोळ्यांच्या स्नायूंतही घडतंय. तरी कुणाला कळत नाही, कारण निसर्गाने गरजेपेक्षा कितीतरी पट जास्त सोय केलेली आहे. उंबरठा ओलांडायला लागतं त्याच्या काही पट ॲसिटिलकोलीन सांडतं, लागतात त्याहून खूप जास्त रिसेप्टर असतात. पाकिटं कमी झाली तरी उंबरठा पार होतोच. या शिलकीवर आपण जेवतो, बोलतो, जिने चढतो.

माझ्या आजारात ही शिल्लकच गेलेली असते. 1973 मध्ये फॅम्ब्रो, ड्राखमन आणि सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंतले रिसेप्टर मोजले. मोजायला वापरलं मण्यारच्या एका आशियाई भाईबंदाच्या विषातलं द्रव्य, कारण ते या रिसेप्टरला घट्ट चिकटून बसतं. निरोगी माणसाच्या तुलनेत रिसेप्टर भरले 11 ते 30 टक्के. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी इलेक्ट्रिक ईल या माशाचे रिसेप्टर सशांना टोचले. सशांच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या गोष्टींना चिकटणारी प्रतिकारशक्तीची प्रथिनं, बनवल्या, त्या सशांच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही उलटल्या आणि ससे गलितगात्र झाले. माणसातही तेच चाललेलं असतं. बहुतेक रुग्णांत स्वतःच्याच अँटिबॉडी रिसेप्टर अडवतात, ते मोडीत काढायला लावतात, पृष्ठभागाच्या घड्या सपाट करतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मला भेटणारी दहातली पाच माणसं "रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं" काही ना काही सुचवतात, पूड नाहीतर काढा नाहीतर कॅप्सूल. माझी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या पत्त्यावर हल्ला करते आहे. मला दिली जाणारी काही औषधं तिला आवर घालण्यासाठीच आहेत. बाटलीवर हिरवी पानं छापून हे विकणाऱ्यांना असा फरक करावासा वाटत नाही, आणि त्यापायी लोक चालू उपचार सोडतात याचा मला मनापासून राग येतो.

तर, सकाळी साडेनऊ. रात्रभर घसा विसावलेला, पाकिटांच्या पुढच्या रांगा भरलेल्या. शिवाय मी आठ वाजता गोळी घेतली होती. पिरिडोस्टिग्मिन ही गोळी फटीतल्या विकराला रोखते, म्हणजे असलेलं ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. (याच जातीच्या औषधाने मायस्थेनियात फरक पडतो हे 1934 मध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी दाखवलं.) गोळीचा अंमल अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. म्हणजे दिवसातल्या माझ्या सर्वांत चांगल्या वेळी, सर्वांत ताज्या स्नायूंनी, दहा-बारा घोट. रिसेप्टर कमी होते, पण पाकिटं भरपूर होती, उंबरठा पार होत होता. रिपोर्ट नॉर्मल येणारच. रात्रीच्या जेवणात चाळिसावा घास असतो, तो या तपासणीत कधी येतच नाही.

हे न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तेव्हा त्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली: दुपारी उशिरा, पुढच्या गोळीच्या जरा आधी, आणि आधी काही मिनिटं चावायला लावून. (गोळीची वेळ आपल्या मनाने कुणीही पुढे ढकलू नये. श्वासाचे स्नायूही याच फटींवर चालतात.) या वेळी पहिले चार घोट पूर्वीसारखेच गेले. पाचव्यानंतर जिभेच्या मुळाशी असलेल्या खोबणीत काळी रेघ मागे राहू लागली. हायॉइडची उडी तोकडी पडत होती, म्हणून दार पुरतं उघडत नव्हतं. आणखी काही घोटांनंतर पातळ बेरियम स्वरयंत्रात शिरलं आणि स्वरतंतूंच्या वरच थांबलं. मला ठसका लागला, आणि थेरपिस्ट म्हणाल्या, "हेच बघायचं होतं. पुरे आता."

स्वरतंतूंच्या वर अडलं तर शिरकाव, खाली श्वासनलिकेत उतरलं तर ॲस्पिरेशन. दुसऱ्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नये. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये घशाची संवेदनाच बोथट होऊ शकते आणि पाणी मुकाट्याने फुप्फुसात जातं. मायस्थेनियात संवेदना शाबूत असते, पण ठसका द्यायचे स्नायूही थकलेलेच असतात.

रिपोर्टमुळे एक सरसकट सल्लाही बाद झाला. "पाणी घट्ट करून प्या" असं गिळण्याचा त्रास असलेल्यांना अनेकदा सांगतात. घट्ट द्रव सावकाश सरकतो, म्हणून श्वासनलिकेत कमी जातो हे बरोबर. पण तो ढकलायला जोर जास्त लागतो आणि माझ्याकडे नेमका तोच नाही. पेस्टच माझ्या खोबणीत सर्वांत जास्त साठत होती. कुणाला काय चालेल हे पडद्यावर बघूनच ठरवावं लागतं. नाकातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीत (सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी ती 1988 मध्ये मांडली) किरणं नसतात, त्यामुळे थकवा येईपर्यंत सलग बघता येतं. तिथे अडचण वेगळी: ऐन गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीवर मिटतो आणि पडदा पांढरा होतो.

तपासणीनंतरची एक बाब सहसा कुणी सांगत नाही. बेरियमने बद्धकोष्ठ होतं, मग रेचक दिलं जातं, आणि काही रेचकांत मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं, म्हणजे पाकिटं आणखी कमी फुटतात. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम आम्हाला सरळ धोक्याचं असतं. तोंडाने घ्यायच्या औषधाबद्दलही आधी विचारलेलं बरं. काही अँटिबायोटिकांचंही तसंच आहे, म्हणून न्यूमोनियासाठी दाखल व्हायची वेळ आली तर आजाराचं नाव आधी सांगायचं.

आता मी गोळी घेऊन पाऊण तासाने जेवते. चावायचं जास्त असेल ते सकाळी, रात्री मऊ. जेवताना बोलत नाही, जिभेचे स्नायू घासासाठी राखून ठेवते. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सकाळी पहिला नंबर देऊ का? गर्दी नसते." मी दुपारी चारची वेळ मागून घेतली.