ऐनाच्या फांदीवरचा कोसा

भर उन्हाळ्यात भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात पानं झडलेल्या ऐनाच्या फांदीवर चार-पाच सेंटिमीटर लांबीचं, पिवळट-राखाडी, टणक असं काही लोंबताना दिसलं, तर तो बहुधा टसर रेशीम देणाऱ्या पतंगाचा कोसा, म्हणजे रेशमी कोश, असतो. झाडाची पानं गळाली, मग कोसा का नाही गळाला?

त्याचं कारण त्याच्या देठात आहे. कोसा करायची वेळ आली की अळी आधी दोन-तीन पानं ओढून धाग्यांनी एकत्र बांधते. मग त्या आडोशातून बाहेर येऊन फांदीभोवती रेशमाचं घट्ट कडं विणते, कड्यापासून खाली चिवट देठ आणते आणि परत आत जाऊन स्वतःभोवती धागा गुंडाळायला लागते. पान कितीही वेळा गळो, कोसा फांदीला धरून राहतो. हे कसब तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ते तिला आयुष्यात एकदाच वापरायचं असतं!

पावसाळ्यातल्या पिढीचे पतंग काही आठवड्यांत कोशाबाहेर येतात. हिवाळ्याच्या तोंडावर तयार झालेल्या कोशातला जीव मात्र वाढ थांबवून पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. बाहेर ना कोवळी पानं, ना ओलावा. अशा दिवसांत अंड्यांतून अळ्या निघाल्या तर खातील काय?

जूनच्या सुमारास, बहुतेक संध्याकाळी, पतंग बाहेर पडतो. कोसा फोडायला त्याच्याकडे दात नसतात. तो तोंडाजवळून एक विकर (एन्झाइम) सोडतो. त्याने धाग्यांना चिकटवणारा डिंक विरघळतो आणि मोकळे झालेले धागे बाजूला सारून तो वाट काढतो. असा भोक पडलेला कोसा अखंड धागा काढायला फारसा उपयोगी नसतो, म्हणून कापडासाठीचे कोसे पतंग निघण्याआधीच उकळतात.

पंख पसरल्यावर पतंग साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद भरतो. नर विटकरी-तपकिरी, मादी आकाराने मोठी आणि बहुधा पिवळट. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्याच्या मध्यभागी आरपार दिसणारा पारदर्शक ठिपका. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो. दोघांनाही खाण्याजोगं तोंड नसतं. आठवडाभराचं ते आयुष्य अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर निघतं.

मादी दीड-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत निघालेली अळी सुरुवातीला पिवळट-तपकिरी, काळ्या डोक्याची असते; दोनेक दिवसांत हिरवी होते. महिना-सव्वा महिना ऐन किंवा अर्जुनाची पानं खात ती चार वेळा कात टाकते. एकूण खाण्यातलं बहुतांश खाणं शेवटच्या टप्प्यात होतं.

पूर्व विदर्भात ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या अळ्या जंगलातल्या झाडांवरच वाढवत आली आहेत. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखण करावी लागते. हे श्रम टसरच्या साडीकडे पाहताना फार कमी जणांना माहीत असतात. पण पेब्रिन हा रोग राखणीने थांबत नाही, कारण तो आईकडून अंड्यांत उतरतो. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या रेशीम किड्यांसाठी सुचवलेला उपाय इथेही चालतो: अंडी घालून झाल्यावर प्रत्येक मादी चिरडून तिच्या अंगातल्या रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची.