आधी ठसे, मग कायदा : किनाऱ्यावरच्या ओळखपत्रांची पार्श्वभूमी

हर्णै असो, मिरकरवाडा असो की देवगड, गस्तीनौका जवळ आली की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आधी खलाशांची कार्डं गोळा करतो. या कार्डाचं मूळ 'आधार'मध्ये नाही. ते समुद्रात आहे.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडमधल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच आले, 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून. तिच्यावरच्या तांडेल-खलाशांना त्यांनी ठार मारलं. या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते, तरी संशयाची नजर नंतर प्रत्येक होडीवर खिळली, हे किनाऱ्याला फार लागलं.

२००९ च्या अखेरीस केंद्राने सागरी मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रांची योजना आणली. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठीही, म्हणजे देशातल्या रहिवाशांच्या यादीसाठीही, देशातली ३,३३१ किनारी गावं सर्वांत आधी घेतली गेली. गावोगाव शिबिरं लागली, लोकांनी फोटो दिले, बोटं टेकवली. ही नोंदवही नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांवर उभी होती, आणि त्या नियमांत बोटांच्या ठशांचा उल्लेखच नव्हता. सुरक्षेची निकड खरी होती, म्हणून कुणी अडवलं नाही. पण घेतलेल्या ठशांचं पुढे काय होणार, हे ठरवणारा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही तेव्हा नव्हता.

'आधार'चंही तसंच झालं. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला, त्यानंतर संसदेत विधेयक आलं. यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते २०११ मध्ये नाकारलं, तरी नोंदणी थांबली नाही. कायदा झाला २०१६ मध्ये, तोही धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येणार नाही अशा वाटेने. दरम्यान निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये 'आधार'विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१५ मध्ये सरकारने तिथे मांडलं की घटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही! २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. तोवर कोट्यवधी लोकांचे ठसे देऊन झाले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने बँक खातं आणि सिमकार्डासाठीची आधारसक्ती काढली. अनुदान आणि पॅनसाठी मात्र राहिली. ठसे जुळले नाहीत म्हणून लाभ नाकारू नका, दुसरा पुरावा घ्या, असंही त्यात आहे. किनाऱ्यावर याची गरज रोज पडते. जाळ्याचे दोर ओढून आणि बर्फात मासळी भरून खलाशाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या मशीनवर तो अंगठा पुसून पुन्हा पुन्हा ठेवतो, मशीन नाही म्हणतं, आणि मागची रांग कुरकुरायला लागते. त्या वेळी निकालातलं वाक्य दुकानदाराला कोण दाखवणार?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यातही देशाच्या सुरक्षेसाठी सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, आणि किनाऱ्यावरचे ठसे घेतले गेले ते सुरक्षेच्याच नावाने. म्हणून मच्छीमार सोसायट्यांनी लेखी विचारायला हवं : ते ठसे आज कुणाच्या ताब्यात आहेत, आणि होडी विकून कायमचा मुंबईला गेलेल्या माणसाची नोंद कधी पुसली जाणार?