अणुवस्तुमानांक आणि सरासरी अणुवस्तुमान: ३५.५ आलं कुठून?

लातूरच्या शिकवणीत अकरावीच्या मुलांना विचारा, क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती? एखादा तरी हिशेब करतो: आवर्तसारणीतले ३५.५ वजा प्रोटॉन १७, म्हणजे साडेअठरा. आता अर्धा न्यूट्रॉन कुठल्याच अणूत नसतो. वजाबाकी बरोबर आहे, पण आवर्तसारणीतून उचललेला आकडा अणुवस्तुमानांक नव्हेच.

अणुवस्तुमानांक म्हणजे नुसती मोजदाद. एका अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती, एवढंच. म्हणून तो कायम पूर्णांक. सरासरी अणुवस्तुमान मात्र कुठल्या एका अणूचं नसतं. निसर्गात त्या मूलद्रव्याची जी समस्थानिके (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन वेगवेगळे असलेले अणू) सापडतात, त्या सगळ्यांचं मिळून ते काढतात.

गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तिच्यातला क्लोरीन घ्या. त्याच्या शंभर अणूंपैकी साधारण ७६ क्लोरीन-३५ चे (म्हणजे अणुवस्तुमानांक ३५) आणि २४ क्लोरीन-३७ चे. ३५ आणि ३७ ची साधी सरासरी ३६ येते, पण ती इथे चालत नाही. आडतीवर सोयाबीनचे तीन कट्टे कमी भावानं आणि एकच कट्टा चढ्या भावानं गेला, तर सरासरी भाव त्या तीन कट्ट्यांकडेच झुकणार. तसाच हा हिशेब:

३४.९६९ × ०.७५७६ + ३६.९६६ × ०.२४२४ = ३५.४५

शाळेत आपण त्यालाच ३५.५ म्हणतो. क्लोरीन-३५ च्या अणूचं वस्तुमान नेमकं ३५ नाही, ३४.९६९ आहे, हेही बघून ठेवा. मोजमाप कार्बन-१२ च्या अणूचं वस्तुमान बरोबर १२ धरून होतं, आणि केंद्रक बांधलं जाताना थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं निघून जातं.

हे आकडे मिळतात वस्तुमान वर्णपटमापीतून. अणूंचे आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, करून ते चुंबकीय क्षेत्रातून सोडतात. वेग आणि प्रभार सारखा असेल तर हलका आयन जास्त वळतो, जड कमी. कुठे किती आयन पोहोचले त्यावरून प्रमाण कळतं. फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला असं यंत्र उभं केलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

‘सरासरी जवळच्या पूर्णांकात आणा, झाला अणुवस्तुमानांक’ ही युक्ती मुलांना सर्रास शिकवली जाते. ती शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. क्लोरीनपुरती ती निभावते (३५.४५ चे ३५), ब्रोमीनला सपशेल फसते. ब्रोमीनची सरासरी ७९.९०४, पूर्णांकात ८०, त्यातून प्रोटॉन ३५ वजा, म्हणजे न्यूट्रॉन ४५. पण नैसर्गिक ब्रोमीन जवळपास निम्मं ७९ चं आणि निम्मं ८१ चं असतं. न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. पंचेचाळीसवाला त्यात नाहीच.

प्रश्नात क्लोरीन-३७ असं समस्थानिक दिलेलं असेल तर ३७ वजा १७, न्यूट्रॉन २०. मोलचं (म्हणजे अणू-रेणूंच्या ठरावीक मोठ्या संख्येचं) गणित असेल तर ३५.५ घ्या, कारण चिमूटभर मिठातही दोन्ही क्लोरीन त्याच प्रमाणात मिसळलेले असतात. म्हणून सोडियमचे २३ मिळवून मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा भरतो.