आठळी म्हणजे बी नव्हे

आंबा खाऊन झाल्यावर हातात उरलेल्या कोयीला आपण सहज बी म्हणतो, आणि कोय मातीत पुरली की रोप उगवते, म्हणून त्यात काही चुकते असे वाटतही नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र कोयीचे टणक कवच हा फळाचाच भाग आहे. कोय वाळवून कडेने फोडली, तर आत पातळ, कागदासारख्या आवरणात गुंडाळलेला मगज सापडतो. खरी बी ती.

फुलातील अंडाशयाची भित्ती वाढून फळ होते आणि आतल्या बीजांडाची बी होते. काही वनस्पतींमध्ये या भित्तीचे तीन निराळे थर तयार होतात: बाहेरचा थर साल बनतो, मधला रसाळ गर, आणि सर्वांत आतला दगडासारखा कठीण होऊन आठळी बनतो; आंब्याची कोय ती हीच. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात. पीच, जर्दाळू, अलुबुखार, चेरी, बोर आणि ऑलिव्ह ही सारी त्याच जातकुळीतली.

हा काठिण्याचा प्रकार पीचमध्ये चांगला पाहता येतो. फळधारणेनंतरचे काही आठवडे फळ झपाट्याने वाढते आणि मग वाढ अचानक मंदावते. बाहेरून पाहणाऱ्याला फळ रुसून बसल्यासारखे वाटते, पण नेमक्या याच काळात आतल्या थरातील पेशींच्या भित्ती जाड होत जातात, त्यांत लिग्निन साचते आणि अखेर त्या पेशी मरून जातात. लाकडाला बळकटी देणारे द्रव्य ते हे लिग्निनच. या टप्प्याआधी कोवळे फळ सुरीने आरपार चिरता येते, नंतर पाते आठळीवर अडते. आठळी पक्की झाली, की गराच्या पेशी फुगू लागतात आणि फळ पुन्हा वेगाने मोठे होते.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. कवच अंडाशयाच्या भित्तीपासून बनत असल्याने ते सर्वस्वी मातृवृक्षाचे असते, तर आतला भ्रूण सहसा परागणातून जन्मलेल्या पुढच्या पिढीचा असतो. म्हणजे आठळी फोडताना आपण एका पिढीच्या भिंतीतून दुसऱ्या पिढीपर्यंत पोचत असतो.

तीन थरांपैकी खायचा कोणता, हे मात्र फळागणिक बदलते. आंब्यात आणि ऑलिव्हमध्ये मधला थर आपल्या उपयोगाचा, तर बदामात तोच थर वाळून उकलतो आणि फेकला जातो. बदामाचे टरफल म्हणजे आठळी आणि आपण खातो ती तिच्यातली बी. नारळात मधल्या थराचा काथ्या होतो व आतल्या थराची करवंटी. सोललेल्या नारळावरचे तीन डोळे म्हणजे त्याचे अंडाशय तीन किंजदलांचे, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या तीन घटकांचे, होते याची खूण. त्यांपैकी दोन घट्ट बुजलेले असतात आणि एक मऊ असतो. भ्रूण त्या मऊ डोळ्याखाली असतो व कोंब तिथूनच बाहेर पडतो. मिरीचा दाणा हेसुद्धा वाळलेले, अख्खे अश्मगर्भी फळच आहे.

खजूर मात्र फसवतो. त्याच्या आत कठीण वस्तू असते खरी, पण फळाच्या भित्तीचा आतला थर तिथे नुसता पातळ पापुद्रा असतो आणि जे दाताला लागते ती स्वतः बीच असते. तिचा कठीणपणा लिग्निनच्या कवचाचा नसून रोपासाठी पेशीभित्तींत साठवलेल्या कर्बोदकांचा आहे. त्यामुळे खजूर द्राक्ष व टोमॅटोच्या पंगतीला, म्हणजे मृदुफळांत, जाऊन बसतो. ‘खजुराची बी’ म्हणणारी बोली इथे शास्त्राला धरून आहे, योगायोगाने का होईना.

पीच ज्या गुलाब कुळातले, त्याच कुळात फळांचे इतर नमुनेही आहेत. रास्पबेरीचा प्रत्येक रसाळ मणी हे इवलेसे अश्मगर्भी फळ असते. सफरचंदाचा गर मुख्यतः फुलाच्या पेल्यासारख्या भागापासून बनतो. स्ट्रॉबेरीवरचे दाणे हीच तिची खरी फळे होत.

आठळी लवकर कुजत नाही, म्हणून ती काळालाही पुरून उरते. चीनमधील कुनमिंग येथे सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या पीचच्या जीवाश्म आठळ्या सापडल्या असून त्या आजच्या पीचच्या आठळ्यांशी विलक्षण मिळत्याजुळत्या आहेत.

अशी ही आठळी घालवण्याचा प्रयत्नही झाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील वनस्पती-संकरक ल्यूथर बरबँक यांनी मुळात आठळी अर्धवट असलेल्या एका लहान फ्रेंच अलुबुखारचा संकर करून जवळजवळ बिनआठळीची फळे मिळवली. अशा अलुबुखारांच्या पुढील अभ्यासात आढळले, की त्यांत लिग्निन साचणे थांबलेले नसते, तर आतल्या थराच्या पेशीच सुरुवातीपासून फार थोड्या तयार होतात. कवचाचा जेमतेम तुकडा शिल्लक राहतो आणि बी मात्र गरात उघडीच राहते, पूर्ण वाढलेली.