स्किपी : मापन-उपकरणांच्या डिस्प्लेचे दूरनियंत्रण

स्किपी ही मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय यांसारख्या मापन-उपकरणांना संगणकावरून साध्या मजकुरात आज्ञा देण्याची प्रमाण पद्धती आहे. ‘स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रामेबल इन्स्ट्रुमेंट्स’ या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांचा हा जोडून केलेला उच्चार असून काही जण चारही अक्षरे सुटी उच्चारतात. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीतील ‘डिस्प्ले’ शाखेचा, म्हणजे पडद्याविषयीच्या आज्ञांच्या गटाचा, विचार मुख्यत्वे केला आहे.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणे एकमेकांस जोडण्यासाठी जी बस (सामाईक तारांचा जोडमार्ग) विकसित केली, तिला १९७५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘आयईईई ४८८’ या मानकाचे रूप मिळाले. या मानकाने तारा, जोडण्या आणि संकेतांची देवाणघेवाण ठरवून दिली (एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणे, एकूण केबल २० मीटर). उपकरणाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे मात्र प्रत्येक उत्पादकावर सोडले. १९८७ च्या आयईईई ४८८.२ ने वाक्यरचना व ताराचिन्हाने सुरू होणाऱ्या सामाईक आज्ञा निश्चित केल्या. उपकरणाला स्वतःची ओळख विचारणारी ‘*आयडीएन?’ ही त्यांपैकीच एक होय. स्किपी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ती ह्यूलेट-पॅकार्डच्याच ‘टीएमएसएल’ या भाषेचे नामांतर आहे. दुसऱ्या मतानुसार ती अनेक उत्पादकांच्या संघाने मिळून घडवली. आज्ञांची शाखायुक्त रचना टीएमएसएलमधून आणि मापन-विदा साठवण्याचा आराखडा टेक्ट्रॉनिक्सच्या ‘एडीआयएफ’मधून आला, असे मानल्यास दोन्ही मतांची संगती लागते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

आज्ञेतील शब्द अपूर्णविरामाने जोडलेले असतात आणि प्रत्येकाची दोनच रूपे चालतात : पूर्ण आणि संक्षिप्त. संक्षिप्त रूप सामान्यतः इंग्रजी शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांचे असते. परंतु शब्द चार अक्षरांहून लांब असून चौथे अक्षर स्वर असेल, तर तीनच घेतात. म्हणून ‘डिस्प्ले’चे डी-आय-एस-पी होते, तर ‘पॉवर’चे पी-ओ-डब्ल्यू. मधले रूप, उदाहरणार्थ ‘डिस्प्ले’ची पहिली पाच अक्षरे, पाठवल्यास उपकरण ते स्वीकारत नाही व त्रुटींच्या रांगेत ‘−११३, अनडिफाइन्ड हेडर’ अशी नोंद करते. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा हीच असते. आज्ञेच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिले की ती आज्ञा न राहता पृच्छा होते.

डिस्प्ले शाखेचे व्यवहारातील स्वरूप ३४४०१ए या ह्यूलेट-पॅकार्डच्या टेबल-मल्टिमीटरवर चांगले दिसते. ‘डिस्प्ले ऑफ’ ही आज्ञा मिळताच दर्शनी अंक मावळतात, मापन मात्र चालूच राहते. वाचने पडद्यावर पाठवण्याचा वेळ वाचल्याने वेग किंचित वाढतो आणि मोजलेली किंमत शेजारी उभ्या असलेल्याला दिसत नाही. त्रुटी दर्शवणारे चिन्ह या अवस्थेतही चालू राहते. ‘डिस्प्ले:टेक्स्ट’नंतर अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर पडद्यावर उमटतो. त्यास १२ अक्षरांची मर्यादा असली, तरी स्वल्पविराम, पूर्णविराम व अर्धविराम आधीच्या अक्षराच्याच जागेत बसत असल्याने ते मोजले जात नाहीत. चाचणी-टेबलावरील कामगाराला पुढची जोडणी सुचवण्यासाठी ही सोय उपयोगी पडते. पडदा बंद असतानाही संदेश उमटतो. उपकरण पुन्हा पुढच्या बटणांवरून चालवू लागल्यास किंवा ‘*आरएसटी’ ही उपकरण मूळ स्थितीत आणणारी आज्ञा पाठवल्यास पडदा आपोआप सुरू होतो.

इतर बाबतींत एकवाक्यता कमी आहे. मानकात तेजस्वितेसाठी ० ते १ अशी मोजपट्टी दिलेली असताना काही ऑसिलोस्कोप ० ते १०० घेतात, तर काही ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ हे शब्दच मागतात. मानकाचा भर मोजण्यावर असून दाखवणे त्याने दुय्यम मानले, हे त्याचे कारण असावे. आज्ञा वाहून नेणारे माध्यम बदलले (यूएसबी, तसेच इथरनेटवर बहुधा ५०२५ क्रमांकाचे पोर्ट), तरी हा फरक मिटलेला नाही. पडद्याची प्रतिमा संगणकावर मागवण्याची आज्ञा मानकात छापील प्रतीच्या ‘हार्डकॉपी’ शाखेत येते. कित्येक उत्पादकांनी ती ‘डिस्प्ले:डेटा?’ म्हणून डिस्प्ले शाखेतच ठेवली आहे.