गुण देणारे वेगळे, पैसे देणारे वेगळे

2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाचा पैसा अडला, तो एका छोट्याशा जाहीर सूचनेपायी. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, संशोधनासाठी आणि स्वतःच्या कारभारासाठी वर्षाला 47 अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करते. आलेल्या अर्जांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञांची बैठक भरवायची तर तिची सूचना किमान पंधरा दिवस आधी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, छापून यावी लागते. सल्लागार समित्यांचा कारभार उघड्यावर चालावा म्हणून 1972 मध्ये झालेल्या कायद्याची ही देणगी. ट्रम्प यांच्या नव्या प्रशासनाने या सूचनाच राजपत्राकडे जाऊ दिल्या नाहीत. सूचना नाही म्हणून बैठक नाही, बैठक नाही म्हणून मंजुरी नाही. सरकारी अनुदानं गोठवू नका, असे न्यायालयांचे आदेश तेव्हा होते. पण इथे कागदावर कुणी काही गोठवलेलंच नव्हतं. फाइल वर न पाठवता काम थांबवण्याची कला आपल्याला नवी नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना ती नवी होती.

या बैठका कशा चालतात, हे जरा जवळून पाहायला हवं. वीस-तीस शास्त्रज्ञ बसतात, पूर्वी हॉटेलच्या हॉलमध्ये, आता बहुतेक पडद्यावर. ते सरकारी नोकर नसतात, वेगवेगळ्या विद्यापीठांतून बोलावलेले असतात. प्रत्येक अर्ज साधारण तिघांनी आधीच बारकाईने वाचलेला असतो. अर्जदार आपल्याच विद्यापीठातला किंवा जुना सहकारी निघाला, तर त्या सदस्याने उठून बाहेर जायचं आणि चर्चा संपल्यावरच परत यायचं. गुण 1 ते 9, आणि त्यात 1 सर्वांत चांगला. पुष्कळ अर्ज, बरेचदा निम्मे, चर्चेलाच येत नाहीत. तिथून यादी त्या-त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाकडे जाते, आणि शेवटी संचालक सही करतात. एनआयएचमध्ये अशा 27 संस्था आणि केंद्रं आहेत, नोकरवर्ग वीस हजारांच्या घरात होता. एवढ्या पसाऱ्यात राष्ट्राध्यक्षांनी थेट नेमलेली माणसं कायम दोनच: एनआयएचचे प्रमुख आणि राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे संचालक. दुसरं पद 1971 च्या कर्करोग कायद्याने या यादीत आलं.

ही रचना कुणी एका बैठकीत आखलेली नाही. 1887 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, खलाशांच्या रुग्णालयातल्या एका खोलीत जोसेफ किन्यून यांनी कॉलऱ्याचे जंतू शोधायला सुरुवात केली, तीच एनआयएचची सुरुवात. बाहेरच्या संशोधकांना पैसे देणं 1937 च्या कर्करोग कायद्यापासून सुरू झालं. खरी वाढ दुसऱ्या महायुद्धानंतरची. युद्धकाळात विद्यापीठांशी केलेले वैद्यकीय संशोधनाचे उरलेसुरले करार एनआयएचच्या पदरात पडले, आणि ते तपासायला 1946 मध्ये तज्ज्ञ-गट उभे राहिले.

त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये मोठं भांडण चाललं होतं. सरकारने विज्ञानाला पैसा द्यावा पण लगाम शास्त्रज्ञांच्या हाती राहावा, असं युद्धकाळात सरकारी संशोधनाची धुरा सांभाळणाऱ्या व्हॅनेव्हार बुश यांनी 1945 च्या अहवालात मांडलं. सिनेटर हार्ली किलगोर यांना लोकांच्या प्रतिनिधींचा ताबा हवा होता. बुश यांच्या वळणाचं विधेयक मंजूर होऊन आलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1947 मध्ये नकाराधिकार वापरला. एवढा पैसा खर्च करणारी संस्था राष्ट्राध्यक्षांना जबाबदार नसेल तर ते चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा. मला तो आजही बिनतोड वाटतो. करदात्याच्या पैशाचा जाब देणारं कुणीतरी निवडून आलेलं असायलाच हवं. त्या वादातून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान 1950 मध्ये जन्माला आलं. तोवर एनआयएचने वादात न पडता आपला संसार थाटला होता. तज्ज्ञांनी दिलेला क्रम सहसा डावलायचा नाही, हा संकेत तिथे रुजला. तो संकेतच होता, कलम नव्हतं.

आपल्याकडे हा वाद असा पेटलाच नाही. 15 नोव्हेंबर 1911 रोजी मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक झाली, ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली. त्या संस्थेची 1949 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, झाली. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आजही केंद्रीय आरोग्यमंत्रीच असतात.

एनआयएचच्या संकेताला पहिला तडा गेला सिनेटर मॅकार्थीच्या काळात, म्हणजे जो तो कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला जात होता तेव्हा. लायनस पॉलिंग यांच्या राजकीय मतांवरून 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचं अनुदान थांबलं. त्याच कामाचे भाग करून सहकाऱ्यांनी आपापल्या नावाने अर्ज केले, ते मंजूर झाले. 1954 मध्ये पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्वर्डच्या जॉन एड्सॉल यांनी निषेध म्हणून सरकारी आरोग्यखात्याचा पैसा घेणंच सोडलं. पुढे 1956 मध्ये, गुप्त नसलेल्या संशोधनाला निष्ठेची कसोटी लावू नये, असं ठरलं. पण निष्ठा तपासणारे दुसऱ्या दाराने आत राहिले. 1969 मध्ये साल्व्हाडोर लुरिया यांना नोबेल जाहीर झालं आणि काही दिवसांतच बातमी फुटली, की छाननी समित्यांवर घ्यायचं नाही अशा शास्त्रज्ञांच्या यादीत त्यांचं नाव होतं. ज्याच्या कामाला नोबेल, तो दुसऱ्याचा अर्ज वाचायला अपात्र! गवगवा झाल्यावर ती पद्धत बंद झाली. 1974 मध्ये तज्ज्ञांची छाननी कायद्यानेच सक्तीची झाली.

यापुढचा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. एड्सची साथ होती, आणि किशोरवयीन मुलांच्या लैंगिक वर्तनाची भरवशाची माहिती कुणाकडेच नव्हती. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रिचर्ड उड्री आणि पीटर बेअरमन यांनी देशभराच्या पाहणीचा अर्ज केला, तज्ज्ञांनी तो उचलून धरला, पैसे मंजूर झाले. जुलै 1991 मध्ये आरोग्यमंत्री लुई सलिव्हन यांनी ते परत घेतले. असले प्रश्न मुलांना विचारणं अनेक खासदारांना आणि संघटनांना पसंत नव्हतं. प्रौढांच्या पाहणीचीही तीच गत झाली. शेवटी ती खासगी प्रतिष्ठानांच्या पैशावर झाली, पण 20,000 माणसांऐवजी 3,432 जणांवर भागवावं लागलं.

मग आला 1993 चा एनआयएच कायदा. गर्भाच्या ऊतींवरच्या संशोधनाचा पैसा 1988 पासून बंद होता, तो याने मोकळा केला. तज्ज्ञांनी मान्य केलेला अर्ज मंत्र्याला नैतिकतेच्या कारणावरून परस्पर अडवता येणार नाही, आधी नीतिमंडळ बसवावं लागेल, असंही लिहिलं. आणि त्याच कायद्यात, पुढच्या पानांवर, त्या दोन पाहण्यांना यापुढे कधीही पैसा द्यायचा नाही असं कलम घातलं! गंमत एवढ्यावर थांबत नाही. किशोरांच्या एकूण आरोग्याची दीर्घकालीन पाहणी करा, असा आदेशही त्यातच होता. ते काम पुन्हा उड्री-बेअरमन यांच्याच विद्यापीठात आलं. 1994-95 मध्ये 20,000 हून जास्त मुलांच्या घरी जाऊन मुलाखती झाल्या, त्यात लैंगिकतेचे प्रश्नही होते. तीच मुलं मोठी झाल्यावरही अभ्यासक त्यांच्याकडे जात राहिले.

संसदेचा हात असा दोन्हीकडे चालतो. 1996 मध्ये प्रतिनिधी जे डिकी यांच्या दुरुस्तीने रोगनियंत्रण केंद्राचं बंदुकीच्या इजांवरचं संशोधन जवळपास संपवलं. 26 लाख डॉलर कापले, नेमके तेवढेच जेवढे त्या विषयावर खर्च झाले होते. डिकी यांना पुढे त्याचा पस्तावा झाला. तो पैसा पुन्हा सुरू व्हायला 2020 चं अंदाजपत्रक उजाडलं. 2003 मध्ये लैंगिक वर्तनावरची मोजकी अनुदानं रद्द करण्याची दुरुस्ती 212 विरुद्ध 210 मतांनी पडली. दोन मतांनी वाचलो म्हणून शास्त्रज्ञ निर्धास्त झाले नाहीत. ज्यांच्या कामावर बोट ठेवलं गेलं होतं त्यांना नंतर एका अभ्यासात विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सांगितलं, की आता आपण अर्जाच्या शीर्षकातून आणि सारांशातून नजरेत भरणारे शब्द काढून टाकतो.

डिकींनी वापरलेलं हत्यार, म्हणजे खर्चाच्या विधेयकात घुसवलेलं एखादं वाक्य, पुढे रक्षणालाही आलं. प्रयोगशाळेची वीज, प्राणिगृह, हिशेबनीस असा जो वरखर्च विद्यापीठांना मिळतो, तो 10 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव ट्रम्प प्रशासनाने 2017 मध्ये मांडला. काही मोठ्या विद्यापीठांत हा दर 60 टक्क्यांच्या वर आहे. संसदेने हे दर ठरवण्याची पद्धत बदलायची नाही, असं वाक्य घातलं आणि ते दरवर्षी पुढे चालू ठेवलं. 7 फेब्रुवारी 2025 ला 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात ती टिकली नाही, त्यात या वाक्याचा मोठा वाटा होता.

त्याच वर्षी प्रशासनाने रद्द केलेल्या अनुदानांच्या मागे असं वाक्य नव्हतं. उलट 2020 मध्ये अनुदानाच्या सर्वसाधारण नियमांत एक तरतूद आली होती: अनुदान खात्याच्या प्राधान्यक्रमात बसेनासं झालं तर ते थांबवता येईल. 2025 मध्ये शेकडो संशोधकांच्या हाती पडलेल्या पत्रांत हीच भाषा होती. 16 जूनला न्यायाधीश विल्यम यंग यांनी ती कारवाई बेकायदा ठरवली. 21 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की पैशाचे दावे सरकारशी झालेल्या करारांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयातच न्यावे लागतील.

त्याच्या दोन आठवडे आधी, 7 ऑगस्टला, राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता: नव्या अनुदानांवर राजकीय नेमणुकीच्या अधिकाऱ्याने नजर टाकावी, आणि तज्ज्ञांची शिफारस केवळ सल्ला समजावी. 1974 चा कायदा अजून जागेवर आहे. छाननी झालीच पाहिजे, असं तो सांगतो. पैसे त्या गुणांच्या क्रमानेच द्या, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.