किल्ली तीच, पण सही चालेना

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. क्लाउडवर अशी मशीन हाताने कोणी तयार करत बसत नाही. पॅकरसारखं साधन मूळ लिनक्सची प्रत सुरू करतं, तात्पुरती डिजिटल किल्ली वापरून एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) आत शिरतं, हवं ते सॉफ्टवेअर टाकतं आणि तयार इमेज, म्हणजे पुढच्या मशीनांचा साचा, काढून देतं.

एप्रिल 2022 मध्ये उबुंटू या लिनक्सची 22.04 आवृत्ती आली आणि अनेकांचं हे काम दाराशीच अडलं. मशीन सुरू व्हायचं, पण पॅकर एसएसएचची वाट बघत बसायचा आणि शेवटी टाइमआउट म्हणून सोडून द्यायचा. साहजिकच संशय नेटवर्कवर, फायरवॉलवर. खरं कारण मशीनच्या आतल्या लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असे: सहीचा हा प्रकार मान्य यादीत नाही. गंमत अशी, की इमेज बनवणं फसलं की पॅकर ते मशीनच पुसून टाकतो, लॉगसकट! ‘-ऑन-एरर=आस्क’ असा पर्याय दिला तर ते उघडून बघता येतं.

एसएसएचमध्ये गुप्त (खासगी) किल्ली पलीकडे पाठवली जात नाही. तिने केलेली सही पाठवली जाते. सही करण्याआधी मजकुराचा एक छोटा ठसा काढतात, अंगठ्याच्या ठशासारखा. 1995 सालच्या एसएचए-1 पद्धतीत तो 160 बिटांचा असतो. 2017 मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली बनवून दाखवल्या. 2020 पर्यंत याहून घातक हल्ला 50 हजार डॉलरच्या आत आला. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरने त्याच वर्षी इशारा दिला आणि सप्टेंबर 2021 च्या 8.8 आवृत्तीत आरएसए प्रकारच्या किल्लीची एसएचए-1 वाली सही मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवली. उबुंटू 20.04 मध्ये ओपनएसएसएच 8.2 होतं, 22.04 मध्ये थेट 8.9. मधला बदल एका उडीत अंगावर आला.

पॅकरच्या तात्पुरत्या आरएसए किल्लीत खोट नव्हती. तीच किल्ली एसएचए-256 या लांब ठशाच्या पद्धतीने सही करू शकते, 2018 पासून तसं मानकही आहे. पण पॅकर गो भाषेत लिहिलेला, आणि गोच्या एसएसएच लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला) क्लायंटच्या, म्हणजे आत शिरणाऱ्याच्या, बाजूने ही नवी सही 2022 च्या सुरुवातीपर्यंत येतच नव्हती.

उपाय म्हणून अनेकांनी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालून जुनी सही परत चालू केली. मला हा उपाय सगळ्यात वाईट वाटतो. ती ओळ इमेजमध्ये तशीच राहिली, तर त्या इमेजवरून निघणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये जाते. त्यापेक्षा पॅकर अद्ययावत करावा, किंवा तात्पुरती किल्ली ईडी25519 प्रकारची मागावी. तिच्या सहीत एसएचए-1 येतच नाही.